मामांच्या गाडीची चाकं बदलल्याबद्दल

तीर्थरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र मिळेल तेव्हा तुम्ही कुठल्या बंदरात असाल ते मला माहीत नाही. पण जिथे असाल तिथे तुमची पाठ पुन्हा धरलेली नसावी आणि इंजिनखान्यातल्या उकाड्याने अंगावर उठलेलं घामोळं बसलेलं असावं, अशी मनापासून इच्छा करते. इथे आम्ही सगळे ठीक आहोत. (हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबले, कारण ते पूर्ण खरं नाही. पण पत्राची सुरुवात अशीच करतात, म्हणून राहू दिलं आहे. कुठे खरं नाही ते पुढे येईलच.) समोर असताना मी तुम्हाला अरे-तुरे करते हे मला ठाऊक आहे. कागदावर 'तू' लिहायला हात धजत नाही, आणि या पत्रात जे सांगायचं आहे ते पाहता 'तुम्ही' म्हणणंच मला जास्त सुरक्षित वाटतं. फोनवर का नाही सांगितलं, असं तुम्ही विचाराल. तर तुमचा जहाजावरून फोन येतो तेव्हा आई तो दोन्ही हातांनी धरून "जेवलास का?" एवढंच ओरडते, बाबा मागून "लाटा कशा आहेत विचार" म्हणतात, आणि लाटा कशा आहेत हे कळायच्या आत फोन कटतो. त्या गडबडीत हे सांगण्यासारखं नाही.

गाडीबद्दल आधी सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. गाडी आहे. भंगारातून आणून तुम्ही इतक्या वर्षांच्या सुट्ट्या घालवून उभी केलेली ती लांब नाकाची, सायकलसारख्या तारांच्या चाकांची, दोन माणसांची स्पोर्ट्स कार चोरीला गेलेली नाही, जळलेली नाही. ती मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. तिला चारही चाकं आहेत. फक्त ती तुमची नाहीत.

रागावण्याआधी कृपा करून पूर्ण वाचा. मूळ गोष्ट आईच्या हातांची आहे. मागच्या खेपेला निघताना एक पाय टॅक्सीत ठेवून तुम्ही आईला म्हणालात, "ताई, तेवढं चाकांच्या तारांकडे बघ गं, दमट हवेने गंज धरतो." तुम्ही बहुतेक बोलायचं म्हणून बोलला असाल. निघताना माणूस काहीतरी बोलतोच, आणि टॅक्सीवाला हॉर्न वाजवत असताना फार विचार करून बोलता येत नाही. पण आईने ते मनावर घेतलं. रोज सकाळी चहा झाला की ती पाटावर बसून जुन्या टूथब्रशने तुमच्या चाकांची एकेक तार घासते, मग फडक्याने पुसते, मग दोन तारा जिथे एकमेकींवरून जातात त्या बेचक्यात करंगळीला फडकं गुंडाळून घालते. एका चाकात किती तारा आहेत हे मी मोजलेलं नाही. मोजल्या असत्या तर मला तो आकडा डॉक्टरांना सांगावा लागला असता.

कारण डॉक्टर आले आहेत मध्ये. (इथे ठीक नाही ते हे.) आईच्या बोटांचे सांधे सुजतात, सकाळी मूठ वळत नाही आणि वळली तर उघडत नाही. सांधेवाल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की चिमटीत धरून करायचं बारीक काम बंद केलं नाही, तर बोटं वाकतील ती वाकलेलीच राहतील. आईने मान डोलावली, औषधं घेतली, घरी येऊन पदर खोचला आणि ब्रश उचलला. बाबा म्हणाले, "अगं, डॉक्टर काय म्हणाले आत्ता?" आई म्हणाली, "डॉक्टर काय, आज एक म्हणतात, उद्या एक. धाकट्याने सांगून ठेवलंय." तुम्ही सांगितलेलं मोडायचं तर ते तुम्हीच मोडायला हवं, असा आईचा कायदा आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग मला कळवायचं, किंवा माझ्या नावाने दोन शब्द सांगून टाकायचे. दुसरं मी करू शकत नाही, आणि का ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही सोडलात तर घरात वाचता येणारी मी पहिली. अक्षर ओळखायला लागल्यापासून या घरात जे जे छापलेलं किंवा लिहिलेलं आलं ते सगळं मी वाचून दाखवलं आहे: विजेच्या खात्याच्या नोटिसा, खोकल्याच्या बाटल्या, लग्नपत्रिका (तळाच्या छापखान्याच्या पत्त्यासकट). आईने एकच अट घातली होती, आहे तेवढंच वाचायचं, पदरचं घालायचं नाही. ती मी आजवर पाळली आहे. तुमचं मागचं पत्र आलं, त्यात तुम्ही येणं पुन्हा लांबवलं होतंत, "अजून एक फेरी करून येतो" म्हणून. त्याच्यापुढे "आणि ताई, तारा घासणं आता बंद कर" एवढं एक वाक्य घालायचं मी मनात ठरवलं होतं. ते जिभेपर्यंत आलं. मग आई माझ्या तोंडाकडे बघत होती ते मी बघितलं, आणि जे होतं तेच वाचलं. वाचून झाल्यावर ती उठली. पत्राची घडी घातली, शेडमध्ये गेली, आणि त्या दिवशी तिने स्टेपनीसुद्धा घासली.

तेव्हा बाबांनी ठरवलं. तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाचं ठरवणं कसं असतं ते तुम्ही जाणता. ते एकदा निघाले की मधे उतरता येत नाही. त्यांचं म्हणणं असं की ही बाई घासणं सोडणार नाही, तर आपण तारा सोडू. तारांच्या चाकांऐवजी गाडीला अलॉय व्हील लावायची. पाच जाड पाकळ्यांचं ओतीव चाक, एकदा ओलं फडकं फिरवलं की झालं. "तारा नसल्या तर घासणार काय?" असं त्यांनी मला विचारलं. मी कॉलेजात तर्कशास्त्राचा एक पेपर घेतला होता. तरी मला या बोलण्यात चूक सापडली नाही. ती पुढे सापडली.

आई आत्याकडे राहायला गेली ती संधी साधून आम्ही चाकं काढायला घेतली. तुमच्या गाडीचं चाक चार बोल्टांवर नसतं, मधल्या एकाच मोठ्या दोन कानांच्या नटावर असतं आणि तो नट हातोडीने कानावर मारून फिरवायचा असतो, एवढं बाबांना माहीत होतं. एका बाजूचे आटे उलटे असतात हे माहीत नव्हतं. नटावर कुठल्या दिशेने उघडायचं त्याचा बाण कोरलेला असतो म्हणे. आईने तो इतक्या निष्ठेने घासला आहे की आता तिथे फक्त चकाकी आहे. बाबांनी मला गाडीचं पुस्तक बघायला सांगितलं. ("शिकलीस ना? मग बघ." माझा विषय इतिहास आहे, पण आपल्या घरात शिकलेलं म्हणजे सगळंच शिकलेलं.) मी पुस्तक उघडलं, आणि मधलंच पान वाचून अर्धवट माहिती द्यायला नको म्हणून प्रस्तावनेपासून सुरुवात केली. उलट्या आट्यांचा उल्लेख चाकांच्या प्रकरणात आहे. मी तिथे पोचले तोपर्यंत बाबांनी डाव्या बाजूचे दोन्ही नट काढले होते आणि उजव्या बाजूचे दोन्ही जन्मभरासाठी आवळले होते. मी शेडच्या दारातून "बाबा, उलटे, उलटे" ओरडत आले तेव्हा ते घामाने निथळत बसले होते आणि हातोडीचा दांडा तुटला होता. त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "पुढे काय झालं पुस्तकात?"

अलॉय व्हील बाबांनी जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात त्या बाजारातून आणली. दुकानदाराने गाडी न बघता "एकदम फिट" म्हणून सांगितलं. चाकं सुंदर आहेत हे मान्य करायला हवं. (मला नाही आवडली, पण माझ्या आवडीचा इथे प्रश्न नाही.) अडचण अशी की त्या चाकांना चार बोल्टांची भोकं होती आणि तुमच्या गाडीला एकही बोल्ट नाही. तिथे चाक अडकवायला नुसता दातेरी हब आहे, गोल कणसासारखा. तेव्हा बाबा लेथवाल्याकडे गेले. हा माणूस बाबांच्या डेपोत कामाला होता आणि सगळे त्याला सूतभर म्हणतात, कारण त्याच्या जगात कुठलीही चूक सूतभरापेक्षा मोठी नसते. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी शब्दकोशात बघून घेतलं.) त्याने हबवर हात फिरवला, एक डोळा मिटला, काडीवर नखाने खूण केली आणि म्हणाला, "काका, मधे एकेक प्लेट घालू. आतून दाते, बाहेरून चार बोल्ट. चाक सूतभर बाहेर येईल. कोणाला दिसणारसुद्धा नाही." मी विचारलं, कागदावर माप लिहून घ्यायचं का? तो बाबांना म्हणाला, "हिला परीक्षेला बसवलंत ते एकदा थांबवा." बाबा हसले. मीही थोडी हसले, पण मला ते माप पाहिजेच होतं.

प्लेटी तयार होऊन आल्या त्या एकेक शब्दकोशाएवढ्या जाड होत्या. चाकं घट्ट बसली, त्यात खोट काढता येणार नाही. सूतभरने स्वतः चाकाला लोंबकळून दाखवलं. पण ती मडगार्डच्या खालून बाहेर आली होती, उकिडवं बसलेल्या माणसाचे गुडघे येतात तशी. मी म्हटलं, हे सूतभर नाही. सूतभर म्हणाला, चार बाजूंचं मिळून धरलं तर नाही. बाबा मागे सरले, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "बसची चाकं तरी कुठे झाकलेली असतात?"

मग चाचणी झाली. मी शेजारच्या जागेवर बसले होते आणि चुकीचं काही झालं तर नोंद घ्यायला तयार होते. पण काहीच झालं नाही, आणि घोटाळा नेमका तिथेच झाला. बाबा तुमची गाडी बससारखी चालवतात. इतक्या खाली बसल्याने त्यांना टबात बसल्यासारखं वाटतं, असं ते म्हणतात. पण टबात बसूनही ते वळण घेताना आधी रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला जातात, मागे चाळीस माणसं उभी असल्यासारखा श्वास रोखतात, आणि मग सावकाश, मोठ्ठा अर्धगोल घेऊन वळतात. आम्ही सबंध गाव फिरलो, पण स्टिअरिंग एकदाही पूर्ण वळलं नाही. त्यामुळे ते पूर्ण वळलं तर काय होईल हे कोणाला कळलंच नाही. प्रत्येक बस थांब्याजवळ गाडीचा वेग आपोआप कमी होत होता. एका थांब्यावर तर आम्ही चक्क उभेच राहिलो आणि एक आजीबाई पिशवी घेऊन पुढे आल्या. त्यांनी वाकून आत बघितलं, दोनच जागा बघून त्यांचा चेहरा पडला, आणि बाबा सवयीने म्हणाले, "मागून दुसरी येतेय, रिकामी आहे." मागून काहीही येत नव्हतं. मी परत जाऊन त्या आजीबाईंना खरं सांगावं म्हणत होते, पण बाबा म्हणाले की तीस वर्षांत त्यांनी कोणालाही वेगळं उत्तर दिलेलं नाही, आणि लोक त्यावरच जगतात.

आई परत आली. बाबांनी ताडपत्री अशी ओढली की जणू खाली तुम्हीच आहात. आई चाकांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "त्याची कुठायत?" बाबांनी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. आई आत गेली, आणि बाबा माझ्याकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले, "सुटली बिचारी." जेवणाची वेळ झाली तरी आई बाहेर आली नाही म्हणून मी बघायला गेले. तिने जुनी चादर अंथरून तुमची चारही चाकं तिच्यावर ओळीने निजवली होती (उजवीकडची दोन शेवटी सूतभरने कशी सोडवली ते मी वेगळं लिहीन, त्यात भिंतीचाही संबंध आहे) आणि ती घासत होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "अगं, आता आतल्या बाजूनेपण हात पोचतो! गाडीला होती तेव्हा मागचं काही दिसतच नव्हतं. केवढा मळ राहिला होता." तर्कातली चूक ती ही. मामा, तारा गाडीवरून गेल्या, आईच्या डोक्यातून नाही. आता ती सकाळी तुमची चाकं दोन्ही बाजूंनी घासते, आणि मग शेडमध्ये जाऊन अलॉय व्हीलही पुसते, कारण "लावलीत तर ठेवायला नकोत का नीट?" बाबांनी तिचे हात वाचवायला जे केलं त्याने तिचं काम दुपटीहून जास्त वाढलं. त्या दिवशी जेवताना भाजी अळणी झाली होती तेही बाबांना कळलं नाही.

यानंतरची गोष्ट दवाखान्याच्या फाटकातली. डॉक्टरांनी आईला पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. बाबा म्हणाले गाडीने जाऊ. आई नको म्हणाली, मग हो म्हणाली, मग डोक्याला रुमाल बांधून बसली. गाडीत दोघांचीच जागा, म्हणून मी आईचे रिपोर्ट पाठीवर बांधून सायकलने मागून येत होते. त्यामुळे पुढे जे झालं ते मी पूर्ण पाहिलं आहे, आणि शपथेवर सांगू शकेन. दवाखान्याचं फाटक डाव्या हाताला आहे. बाबांनी नेहमीसारखं पलीकडे जाऊन मोठा अर्धगोल घ्यायला सुरुवात केली, पण पलीकडे औषधांची व्हॅन उभी होती. तेव्हा त्यांनी माझ्या माहितीप्रमाणे जन्मात पहिल्यांदा स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवलं. बाहेर आलेल्या चाकाचा टायर मडगार्डच्या कडेत घुसला, कर्रकन आवाज आला, रबराचा वास सुटला, आणि गाडी फाटकात आडवी होऊन थांबली. ती पुढे जाईना, मागे येईना. वॉचमन धावत आला. "काका, आत घ्या नाहीतर बाहेर घ्या!" बाबा समोर बघत म्हणाले, "तेच ठरवतोय." मागे अँब्युलन्स येऊन उभी राहिली. (रिकामी होती. मी सायकल टाकून आधी ते विचारून घेतलं.) अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने बाबांना ओळखलं आणि खिडकीतून ओरडला, "काय काका, मागून दुसरी येतेय का?"

शेवटी चाक सरळ करून, वॉचमन, मी आणि दोन पेशंट मिळून गाडी मागे ढकलली. मडगार्डला हातभर ओरखडा पडला आहे आणि कड बाहेर दुमडली आहे. हे मी मुद्दाम कमी-जास्त न करता लिहिते आहे. आई उतरली. दुखऱ्या हातांबद्दल जिच्या डोळ्यांत मी कधी पाणी पाहिलं नाही, ती तो ओरखडा बघून रडायला लागली. आणि रडत रडतच फाटकात उकिडवी बसून पदराच्या टोकाने तो पुसायला लागली. गोंगाट ऐकून डॉक्टर बाहेर आले ते नेमके त्याच वेळी. "बाई, मी काय सांगितलं होतं तुम्हाला?" आई वर न बघता म्हणाली, "हे चाक नाही, डॉक्टर. हे मडगार्ड आहे."

आत गेल्यावर डॉक्टरांनी आईचा उजवा हात टेबलावर पालथा ठेवायला सांगितला. दोन बोटं टेबलाला टेकली नाहीत. त्यांनी वरून हलकेच दाबून बघितलं, तरी टेकली नाहीत. मागच्या वेळी टेकली होती. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पुढच्या वेळी कप धरता येणार नाही. मग जरा चिडूनच त्यांनी विचारलं की या वयात तारा घासायचं काम सांगितलं तरी कोणी. आई म्हणाली, "भावाने." डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "मग भावालाच सांगू दे की नको म्हणून. माझं तर कोणी ऐकत नाही." बाबा दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. घरी येताना त्यांनी सगळी वळणं इतकी लांबून घेतली की आम्ही सायकलवाले आधी पोचलो. (आम्ही म्हणजे मी एकटीच. एकवचनात ते वाक्य फार उदास वाटत होतं.)

तर मामा, अशी हकिकत आहे. झालेल्या नुकसानीबद्दल मी मनापासून माफी मागते. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. पुस्तक मी प्रस्तावनेपासून वाचलं नसतं तर निदान हातोडी वाचली असती. बाबांवर रागवू नका. तुमच्या गाडीला ते चारचौघांत साबणाची वडी म्हणतात हे खरं आहे, पण दुमडलेल्या मडगार्डवरून ते रोज हात फिरवतात हेही मी बघितलं आहे. तब्येतीला जपा, भिजलेले मोजे घालून झोपू नका (हा निरोप आईचा), आणि या पत्रातलं काही खटकलं तर लहान समजून सोडून द्या.

तुमची भाची,
जिला तुम्ही मास्तरीण म्हणता ती

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण वर कुठे आलंच नाही, असं आत्ता वाचून पाहताना लक्षात आलं. ते असं. पुढच्या पत्रात तुम्ही स्वतःच्या अक्षरात "ताई, तारा घासणं बंद कर" एवढी एक ओळ लिहा. "जमलं तर", "हळूहळू", "फार नको" असं काही पुढेमागे जोडू नका, कारण मला आहे तेच वाचावं लागतं आणि आई नेमकी तेवढीच फट शोधते. ती ओळ आली की मी मोठ्याने वाचीन आणि एकही शब्द पदरचा घातलेला नसेल. मी तुम्हाला ती लिहायला सांगितली हे आईला कळता कामा नये. म्हणून हा ता. क. तिला वाचून न दाखवताच मी पाकीट बंद करणार आहे. यात खोटं काही नाही, असं मी स्वतःला समजावलं आहे.

ता. क. दुसरा. बाबांना दोन शब्द सांगायचे आहेत, ते त्यांच्या तोंडचे लिहिते: "मेव्हणे, गाडीत काही दोष नाही. दोष फाटकात आहे. चाकं चांगली आहेत, फक्त वळण लांबून घ्यावं, तुम्हाला ती सवय नाही ती लावून घ्यावी. आरसा फार लहान आहे, मागे कोण चढतंय कळत नाही. तुमच्या चाकांना तुम्हाला न विचारता हात लावला, त्याबद्दल" (इथे बाबा थांबले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "पुढचं तूच लिही." मी म्हटलं, तुम्ही बोलला नाहीत ते मी कसं लिहू? ते म्हणाले, "मग तिथेच सोड." म्हणून तिथेच सोडलं आहे.)

ता. क. तिसरा. पाकीट बंद करता आलं नाही. आईने डिंकाची बाटली उचलून बाजूला ठेवली आणि आधी वाचून दाखव म्हणाली. मी वाचलं. पहिल्या ता. क.पाशी आल्यावर मी थांबले, तेव्हा ती म्हणाली, "कागद तर अजून उरलाय." मग मी तेही वाचलं. आता ती सांगते आहे ते लिहिते.

"धाकट्या, पोरीने लिहिलंय ते खरं आहे. हात दुखतात. पण मडगार्डला लागलंय ते थोडं आहे, हिला सगळंच मोठं दिसतं. ह्यांना काही बोलू नकोस, त्यांनी माझ्यासाठी केलं. तू 'बंद कर' म्हणून लिहिलंस तर मी बंद करीन. तुझा शब्द मी मोडणार नाही, मग बोटांचं काय व्हायचं ते होवो, सरळ होवोत नाहीतर न होवोत. पण मग सकाळी उठून मी तुझं काय करायचं, तेही त्यात लिही. प्रत्येक पत्रात अजून एक फेरी, अजून एक फेरी. मी तारा घासते म्हणजे तू येणार आहेस असं धरून चालते. न येणाऱ्या माणसाची गाडी कोण घासतं? म्हणून पत्रात लिहू नकोस. नको म्हणायचं असेल तर इथे येऊन म्हण, माझ्यासमोर पाटावर बसून. मी त्याच क्षणी ब्रश खाली ठेवते. लवकर ये, डॉक्टरांनी कपाचं सांगितलंय ते मी ऐकलंय. मला तुला चहा द्यायचाय. झालं. झालं म्हटलं ना गं, आता काय लिहितेस? हेपण लिहिलंस? बरं. राहू दे. याच्याखाली आता तुझं काही लिहू नकोस."